टरफलांची परीक्षा

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जनावरांच्या दावणी संपून मिरचीचे ढीग सुरू होतात, त्या वळणावर आक्काबाई राहिंज शेंगा-फुटाणे भाजायला बसते. बसते म्हणजे नावाला. एक हात कढईतल्या वाळूत झारा फिरवतोय, दुसरा चाळण हलवतोय आणि तोंड सगळ्या बाजाराची खबर घेऊन येतंय, अशी तिची बैठक. वय अडुसष्ट. अंगकाठी बेताची, आवाज मात्र टेम्पोच्या हॉर्नला मागं टाकणारा. आणि हसायला लागली की झारा खाली ठेवावा लागतो. पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदागदा हलत राहतात, आणि गिऱ्हाईक शेंगा घ्यायच्या विसरून आपणही हसत सुटतं.

शेजारी कादरभाईचं विळ्या-कोयत्यांचं दुकान. तो म्हणायचा, "आक्का, तू हसलीस की माझे विळे खपतात. लोकं थांबतात तुझ्यासाठी आणि घेऊन जातात माझ्याकडून."

आक्काबाईचं माहेर पाथर्डीकडचं, डोंगरातलं. आई-बाप ऊस तोडायला इकडं कारखान्यावर यायचे. दिवाळी झाली की तिची शाळा सुटायची, आणि उन्हाळ्यात गावी परतावं तर वार्षिक परीक्षा होऊन गेलेली. असं एक वर्ष झालं, दुसरं झालं, तिसरंही झालं. तीन वर्षं ती पहिलीतच. अक्षर अक्षर लावून वाचायला ती शिकली, पाढे तर तिला पंधरापर्यंत तोंडपाठ होते. पण परीक्षेला बसणं काही तिच्या नशिबी आलं नाही. पुढं लग्न होऊन काष्टीत आली, सासूच्या हाताखाली भट्टीवर बसली, आणि शाळा राहिली ती राहिलीच. याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. कुणी विचारलं तर हसून सांगायची, "मला समदं येत हुतं बाबा. इचारायलाच कुनी न्हवतं."

भट्टीवर मात्र तिला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. तिचे खारे शेंगदाणे दौंडपर्यंत जायचे. रीत सासूची, हात तिचा. शेंगा टरफलासकट मिठाच्या पाण्यात भिजवायच्या. मग गरम वाळूत अर्ध्याच भाजायच्या आणि कढईतून काढून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायच्या. "मुक्कामाला ठेवलं" असं ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी वाळू आणखी तापवून पुन्हा भाजायच्या. असं केलं की मीठ थेट दाण्याच्या पोटात उतरतं आणि दाणा करपत नाही. टरफलं सोलून मागच्या बाजूला ढीग, आणि तोच ढीग पुन्हा भट्टीला जळण.

त्या ढिगासाठीच अश्विनी तिच्या आयुष्यात आली.

अश्विनी मूळची बेलापूरची, श्रीगोंद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. पस्तिशीतली, चष्मा सतत नाकावर घसरणारा. तिचं संशोधन चाललं होतं मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर. अशा बॅटरीच्या एका टोकाला कोळशाचा थर लागतो, आणि तो कोळसा कशापासून करावा याचा शोध घेत ती लिंबाच्या सालीपासून बाभळीच्या शेंगांपर्यंत सगळं जाळून बसली होती. भुईमुगाची टरफलंही जाळून झाली होती. निकाल बेताचाच. त्यातच एकदा शेतावरून आणलेली टरफलं संपली म्हणून बाजारात शेंगा घेता घेता तिनं आक्काबाईच्या ढिगातली पिशवीभर टरफलं उचलली.

पंधरा दिवसांनी ती धापा टाकत परत आली, तेही भर बाजारात.

"आक्का, तुम्ही या टरफलांना काय करता?"

"जाळते."

"त्याच्या आधी?"

"सोलते."

"त्याच्याही आधी!"

आक्काबाईनं झारा थांबवला. आजवर गिऱ्हाइकांनी तिला दाण्याचं विचारलं होतं. टरफलाची विचारपूस करणारं हे पहिलंच माणूस. तिनं सगळी रीत सांगितली. अश्विनी ती वहीत उतरवून घेत होती आणि मध्येच "मीठ!" "ओलं गोणपाट!" असं ओरडत होती. कादरभाईला वाटलं, मॅडमला ऊन लागलं.

मग अश्विनीनं उलगडून सांगितलं. बॅटरी चार्ज करताना सोडियम कोळशात शिरतो, वापरताना बाहेर पडतो. कोळशात त्याला राहायला बारीक बारीक खोल्या लागतात.

"म्हंजी धर्मशाळा," आक्काबाई म्हणाली.

"अगदी! आणि गोची अशी, की पहिल्या खेपेला शंभर पाहुणे आले तर तीस जण तिथंच ठिय्या देतात. बाहेर पडतच नाहीत. तुमच्या टरफलाच्या कोळशात बाराच अडकले."

"बाकीचे सकाळी उठून गेले?"

"अठ्ठ्याऐंशी गेले."

आक्काबाईला त्या गुणी पाहुण्यांचं इतकं कौतुक वाटलं की ती पाच मिनिटं हसतच राहिली. खालची वाळू त्या दिवशी जरा जास्तच तापली.

वर्षभर प्रयोग झाले. अश्विनीनं कधी मीठ गाळलं, कधी मुक्काम गाळला, कधी दोन्ही गाळलं. दर वेळी पाहुणे जास्त अडकले. मग कॉलेजनं पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं, आणि शोध लावणाऱ्यांच्या रकान्यात अश्विनीनं दोन नावं लिहिली. कॉलेजातल्या एकानं भुवई उंचावली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कोळसा मी मोजला. केला त्यांनी." आक्काबाईनं अंगठा द्यायला साफ नकार दिला. अर्ध्या दुपारभर जुन्या कागदावर गिरवून तिनं सही केली. 'राहिंज'मधला अनुस्वार तिला जोडाक्षर वाटला, त्यामुळं सही थोडी लांबली, पण झाली.

आणि मग बरेच महिने गेल्यावर पेटंट कचेरीतून कागद आला. त्याच्या माथ्यावर इंग्रजीत जे लिहिलं होतं ते अश्विनीनं मराठीत सांगितलं, "पहिला परीक्षण अहवाल."

"परीक्षा?" आक्काबाई उभी राहिली.

"परीक्षा म्हणजे... तपासणी. त्यांनी प्रश्न काढलेत. आपण उत्तरं द्यायची. सहा महिन्यांच्या आत."

"प्रश्न काढल्यात. उत्तरं द्यायची. मग परीक्षा न्हाई तर काय वरात हाय?"

झालं. पुढच्या शनिवारी सगळ्या काष्टीला कळलं, की आक्काबाई परीक्षेला बसली. मिरचीवाल्यांनी विचारलं, "कितवीच्या?" ती म्हणाली, "ते न्हाई म्हाईत, पर सरकारी हाय." घरी मुलगा अजिनाथ वैतागला. तो टेम्पो चालवायचा आणि गावात चेष्टा झाली की त्याच्याच कानावर आधी यायची.

"आये, ती परीक्षा तुजी न्हाई. कोळशाची हाय."

"कोळसा कुनाचा?"

"तुजा."

"मग?"

अजिनाथ टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पडला. सुनेनं तोंडावर पदर घेतला.

प्रश्न चार होते आणि चारही खोडसाळ होते. पहिला : भुईमुगाच्या टरफलाचा कोळसा करून बॅटरीत घालणं जुनंच आहे, चीनमधल्या कुणीतरी ते आधीच केलंय आणि त्याचा कागद हा घ्या. दुसरा : मीठ घालण्याचीही एक जुनी नोंद आहे, दोन्ही एकत्र करणं या विषयातल्या कुणाही जाणत्याला सुचलंच असतं. तिसरा : 'पुरेसं भाजेपर्यंत' असं अर्जात लिहिलंय, पण पुरेसं म्हणजे किती? चौथा : टरफलं कुठली, ते नीट सांगा.

"चौथा सोपा हाय," आक्काबाई म्हणाली. "काष्टी, तालुका श्रीगोंदा. तो आदी लिवून टाक. सोपं आदी सोडवायचं असतं ना?"

तो सुटला. त्याच्या खालोखाल सोपा वाटला तो तिसरा प्रश्न, पण त्यानं सगळ्यांना घाम फोडला. अश्विनीनं विचारलं, "आक्का, वाळू किती तापली हे तुम्हाला कसं कळतं?"

"ज्वारीचे चार दाणे टाकायचे. 'आक्काबाई राहिंज' म्हनेपर्यंत फुटले का दुसऱ्या भाजनीची वाळू झाली. नुस्तेच फुगले तर पयल्या भाजनीची."

"हे मी सरकारला कसं लिहू?"

"माजं नाव हाय का न्हाई अर्जात?"

शेवटी असं ठरलं, की आक्काबाईच्या हाताला मापात बसवायचं. अश्विनीनं कॉलेजातून तापमान मोजायची तार आणली. एक टोक वाळूत, दुसरं आकडे दाखवणाऱ्या डबीत. नियम असा, की आक्काबाईनं डबीकडं पाठ करून बसायचं, नेहमीसारखं भाजायचं, आणि झालं वाटलं की "हां!" म्हणायचं. त्या क्षणी अश्विनीनं आकडा टिपायचा.

पहिल्या शनिवारी हे पाहायला दहा माणसं जमली, दुसऱ्या शनिवारी पन्नास. तिसऱ्या शनिवारी बैल विकायला आलेले लोक बैल खांबाला बांधून भट्टीभोवती बसले. कादरभाईनं कुस्तीच्या आखाड्यात पुकारा करतात तसा आवाज लावला.

"आक्काबाईंनी दाणे टाकलेले आहेत! दाणे फुगलेले आहेत! फुटलेले... फुटलेले नाहीत! बाई थांबलेल्या आहेत!"

"हां!" आक्काबाई.

"एकशे नव्वद!" अश्विनी.

आणि गर्दीतून टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या भाजणीला दर वेळी एकशे शहाऐंशी ते एकशे चौऱ्याण्णव अंश. दुसऱ्या भाजणीला दोनशे एकोणपन्नास ते दोनशे छप्पन्न. सोळा खेपा झाल्या, एकदाही हात त्या टप्प्याबाहेर गेला नाही. सतराव्या खेपेला आकडा आला दोनशे ऐंशी. आक्काबाईनं वळून पाहिलं, वाकून कढईत पाहिलं आणि म्हणाली, "तार वाळूत न्हाई, कढईच्या बुडाला लागलीया." तार वर घेतली. दोनशे बावन्न. त्यावर जी बोंब उठली तिनं दोन म्हशी दावं तोडून निघाल्या, आणि त्यांच्यामागं निम्मे प्रेक्षक.

आता राहिले पहिले दोन प्रश्न. पुण्याहून हर्षल यायचा. हा कॉलेजतर्फे पेटंटचे अर्ज बघणारा तरुण, चेहरा कायम काळजीत. भट्टीजवळच्या बाकड्यावर बसून तो म्हणाला, "चीनचा कागद फार जवळचा आहे. टरफल तेच, कोळसा तोच. मिठाचाही पुरावा त्यांनी जोडलाय. मला अवघड वाटतंय."

"त्या चीनवाल्यानं भाजलंय कसं?" आक्काबाईनं विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही, आक्का."

"भाजनीवाल्याला भाजनी म्हत्त्वाची न्हाई तर काय? वाच पोरी. पयल्यापास्नं वाच."

अश्विनीनं त्या कागदाचं भाषांतर मोबाईलवर उघडलं आणि मराठीत सांगत गेली. टरफलं धुतली. वाळवली. एकशे दहा अंशांवर बारा तास वाळवली. मग पुन्हा वाळवली.

"किती वाळवतंय ते," आक्काबाई कुजबुजली.

"पुढं लिहिलंय, 'टरफलांत ओल राहू देऊ नये. ओल राहिल्यास कोळशाची प्रत खालावते. सर्व अवस्थांत टरफल पूर्ण कोरडं ठेवणं आवश्यक आहे.'"

आक्काबाईच्या हातातला झारा गळून पडला. आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला. मग खांदे हलले. मग ती अशी हसत सुटली की पाट सोडून भुईवरच बसली.

"कोरडं! अगं, कोरडं भाजलं की वरनं जळतं आन आत कच्चं ऱ्हातं! माजी सासू जिती असती तर त्या चीनवाल्याच्या पाठीत झारा हानला असता! ओल पायजे, ओल! ओलीनं आत ऊब शिरती! त्यानं धर्मशाळा बांदली आन दारं लिंपून घेतली!"

अश्विनीही हसू लागली. पण हर्षल हसत नव्हता. तो हळूहळू उभा राहिला, त्याचा चेहरा बदलला आणि तो म्हणाला, "थांबा. ते वाक्य पुन्हा वाचा."

तिनं वाचलं.

"तोच कागद सांगतोय, की ओल ठेवू नका," हर्षल म्हणाला. "तो वाचून कुठलाही जाणता माणूस टरफल ओल्या गोणपाटाखाली ठेवणार नाही. उलट लांब पळेल. म्हणजे हे कुणालाही सुचलं असतं असं म्हणताच येत नाही! आक्का, त्यांचा पुरावा आपला पुरावा झाला!" आणि तो काळजीवाला मुलगा भर बाजारात बाकड्यावर चढून नाचला. कादरभाईनं विचारलं, "याला पण ऊन लागलं काय?"

उत्तर गेलं. त्यात मिठाच्या पाण्याचं प्रमाण होतं, दोन्ही भाजण्यांचे अंश होते, मुक्कामाचे तास होते आणि चीनच्या कागदातलं ते वाक्य होतं. दोन-अडीच महिन्यांनी कचेरीनं सुनावणी लावली. मुंबईतल्या अधिकारी बाई पडद्यावरून बोलणार, इकडून कॉलेजातून बोलायचं. आक्काबाईनं विचारलं, "म्हंजी तोंडी परीक्षा?" या वेळी अश्विनीनं वाद घातला नाही.

त्या सकाळी आक्काबाई हिरवं इरकल नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून अजिनाथच्या टेम्पोतून श्रीगोंद्याला निघाली. कादरभाईनं निळ्या शाईचं पेन दिलं होतं. मिरचीवालीनं हातावर दही-साखर ठेवली होती. वाटेत तिनं लेकाला तीनदा विचारलं, "हॉल तिकीट लागतं का रं?" आणि तीनदा तो म्हणाला, "न्हाई लागत, आये." चौथ्यांदा मात्र तो म्हणाला, "लागलं तर मी हाय ना." त्यावर तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. गडी स्वतःच घाबरला होता.

कॉलेजच्या खोलीत मोठा पडदा. एका चौकटीत पुण्याचा हर्षल टाय-बिय लावून, दुसऱ्या चौकटीत अधिकारी बाई. पिकल्या केसांची, शांत चेहऱ्याची. सगळं इंग्रजीत चाललं. हर्षल बोलला, अश्विनीनं आकडे दाखवले, बाईंनी उलटसुलट विचारलं. आक्काबाई ताठ बसून होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी पोटात आनंदाच्या लाह्या फुटत होत्या. कुणीतरी विचारत होतं, खोदून खोदून विचारत होतं, तिच्या भट्टीबद्दल. हसू गळ्याशी आलं तसं तिनं पदराची गाठ घट्ट धरली आणि मनात पंधराचा पाढा म्हणायला घेतला.

मग बाई थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, "दुसऱ्या शोधकर्त्या हजर आहेत का?"

"हाय!" आक्काबाई उठून उभी राहिली. "हजर!"

"बसा, बसा. मला एक विचारायचं होतं. मुक्काम किती तासांचा, ते इथं लिहिलंय, दहा ते चौदा. नऊ तासांनी काय होतं?"

अश्विनी घाईघाईनं वही चाळू लागली. नऊ तासांचा प्रयोग त्यांनी केलाच नव्हता.

"नऊ तासानं टरफल लवतं, बाई," आक्काबाई म्हणाली. "ओल वर बसलेली असती, आत गेलेली नसती. आन पंधरा तासांच्या वर ठेवलं तर आंबूस वास सुटतो. ते म्या जळनात घालते. दहाच्या पुडं टरफल वाजतं."

"वाजतं म्हणजे?"

आक्काबाईनं पिशवीत हात घातला. बरोबर शेंगा आणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या हातानं परीक्षेला काय जायचं, म्हणून तिनं आणल्या होत्या. एक शेंग माईकजवळ धरून तिनं बोटांनी दाबली. फसकन दबली. "ही लवकर काढलेली." दुसरी दाबली. कडाक्! खोलीभर आवाज गेला, पुण्यात हर्षल दचकला. "आन ही झालेली."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "पुन्हा एकदा वाजवता?"

कडाक्.

"त्या चीनच्या कागदात तर कोरडं ठेवायला सांगितलंय."

"त्यानला शिकवायला कुनी म्हातारी भेटली नसंल, बाई."

पडद्यावरच्या शांत चेहऱ्यावर ओठांचे कोपरे थरथरले. आक्काबाईनं ते पाहिलं आणि तिथंच तिचा बांध फुटला. तिनं पदर तोंडात कोंबला, पण खांद्यांचं काय करणार? त्यांना पाहून अश्विनी फिसकन हसली, दारात उभा अजिनाथ भिंतीकडं तोंड करून हसला, आणि मुंबईच्या बाईंनी क्षणभर कॅमेरा बंद केला. पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यासारखा शांत होता, फक्त डोळे जरा ओले होते.

"नऊ आणि पंधरा तासांचे प्रयोग करून आकडे लेखी द्या," त्या म्हणाल्या. "आणि मागणी आवरती घ्या. सगळ्या टरफलांच्या कोळशावर तुम्हाला हक्क सांगता येणार नाही. ही रीत, एवढीच."

"एवढीच तर हाय," आक्काबाई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "बाई, पास का नापास?"

"लेखी कळवू," बाई म्हणाल्या. "पण उत्तरं छान दिलीत."

परत येताना टेम्पोत आक्काबाई बोटांवर काहीतरी मोजत बसली होती. अजिनाथला काळजी वाटली. लोणी व्यंकनाथचा फाटा आला तशी ती एकदम म्हणाली, "नऊ तासांचं इचारलं बग तिनं. बरुबर नऊचंच! हुशार बाई हाय. तिलाच ठावं हुतं काय इचारायचं." आणि मग घरापर्यंत गाणं म्हणत आली. भोंडल्याचं, फुगडीचं, जे आठवेल ते. अजिनाथनं हॉर्नवर ठेका धरला.

नऊ आणि पंधरा तासांचे प्रयोग अश्विनीनं रात्रीचा दिवस करून मुदतीत पुरे केले. नऊ तासांच्या कोळशात पंचवीस पाहुणे अडकले, पंधराच्यात एकोणतीस. आक्काबाईची बोटं आणि प्रयोगशाळेची यंत्रं यांचं एकमत झालं.

निकाल आला तो शुक्रवारी. शनिवारी बाजार भरला तशी अश्विनी नुकत्याच घेतलेल्या बॅटरीच्या स्कूटरवरून थेट भट्टीवर आली आणि छापील कागद पुढं धरला. सरकारी शिक्का होता. आक्काबाईनं हात पुसले, कागद उन्हात धरला. इंग्रजीतलं तिला वाचता येईना, म्हणून अश्विनीनं तिच्या नावाखाली बोट ठेवलं. "हे तुमचं नाव. पेटंट मंजूर. अर्ज केल्या दिवसापासून वीस वर्षं."

"म्हंजी पास?"

"पास."

"किती टक्के?"

अश्विनीनं घसरलेला चष्मा वर केला. मग म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

मग काय झालं ते सांगायला काष्टीत अजून माणसं कमी पडत नाहीत. आक्काबाईनं कढईतल्या सगळ्या शेंगा तिथं असलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत ओतल्या. कादरभाईनं दोन कोयते एकमेकांवर आपटून वाजवले. मिरचीवालीनं आक्काबाईचे दोन्ही हात धरले आणि दोघी, मिळून एकशे तीस वर्षांच्या बायका, मिरच्यांच्या ढिगाभोवती फुगडी घालू लागल्या. मिरचीचा खाट उडाला तसे सगळे शिंकू लागले; शिंकत हसू लागले, हसत शिंकू लागले. अजिनाथ टेम्पो रस्त्यात सोडून धावत आला, आईच्या पाया पडला, उठला आणि म्हणाला, "आये, पेढे कुनी आनायचे?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पळाला.

भट्टी विझवायची वेळ नव्हती, तरी आक्काबाईनं विझवली. अश्विनीच्या स्कूटरकडं बोट दाखवून म्हणाली, "मला बसीव यावर."

"कुठं जायचं?"

"कुटंबी. रस्ता असंल तिकडं."

ती मागं बसली, एक हात अश्विनीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात कागदाची सुरळी. गाडी काही आवाज न करता निघाली तशी ती घाबरून किंचाळली, मग हसली. ऊस मागं गेला, लिंबाच्या बागा मागं गेल्या. पदर झेंड्यासारखा फडफडत होता आणि समोरून येणारा जो तो वळून पाहत होता. आक्काबाई प्रत्येकाला कागद हलवून दाखवत होती.

"अश्विने, ह्या गाडीच्या ब्याटरीत माजी टरफलं हाईत का गं?"

"नाही आक्का. हिच्यात दुसऱ्यांचं सामान आहे. आपलं यायला अजून बरीच वर्षं लागतील."

"व्हय का?" आक्काबाई म्हणाली. मग पुढं वाकून, वाऱ्यावर मात करत ती तिच्या कानात ओरडली, "मग हान जोरात! संपू दे त्यांचं!"